गच्चीवरची फ्रेंच

सकीना मुकादमला पाच भाषा येत होत्या आणि प्रत्येक भाषेला तिनं एकेक काम नेमून दिलं होतं. नमाज अरबीत. बाजारहाट हिंदीत. बँकेशी फोनवर वाद इंग्रजीत. नवऱ्यावर चिडायचं ते कोकणीत, कारण दुसऱ्या कुठल्याच भाषेत तिला तेवढा जोर येत नसे. आणि झाडांशी बोलायचं ते फक्त फ्रेंचमध्ये.

"झाडांना काय फ्रेंच कळते?" मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"आणि मराठी कळते काय, ताय?" असं म्हणून ती पुदिन्याकडे वळली आणि त्याला काहीतरी लाडानं बोलली.

रेवा, तुला ती आठवत असणारच. ओजस, तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. परवा फोनवर तू विचारलंस, की रेवादीदीला फ्रेंच कोणी शिकवलं? एका वाक्यात उत्तर देता येईल अशी ती बाई नव्हती, म्हणून सावकाश लिहिते आहे. बाबा तुम्हाला वाचून दाखवेल. अडलेल्या शब्दाला त्याला थांबवा आणि अर्थ विचारा, लाजू नका.

तुमचा बाबा तेव्हा सौदी अरेबियात, यान्बूच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होता आणि मी व्हिजिट व्हिसावर तुमच्याकडे राहायला आले होते. आपल्या कंपाउंडमध्ये तीनमजली इमारती होत्या. समुद्र जवळ होता, पण तो दिसण्यापेक्षा जिभेला जास्त कळायचा. खिडकीची काच पुसली तरी दुसऱ्या दिवशी तिच्यावर मिठाचा हात फिरलेला असे. अशा ठिकाणी कोणी बाग करील असं मला वाटलं नव्हतं. सकीनाचं घर वरच्या मजल्यावर, आपल्या बरोबर डोक्यावर होतं. तिच्या दाराशेजारच्या जिन्यानं गच्चीवर गेलं, की पाण्याच्या टाक्या, डिश अँटेना आणि त्यांच्या मधोमध टोमॅटो, मुळे, मेथी, श्रावणघेवडा. खजुराचे पत्र्याचे डबे, पाण्याच्या मोठ्या बाटल्या अर्ध्या कापून, जे मिळेल त्यात तिनं माती भरली होती. सगळ्या इमारतीच्या एसीचं ठिबकणारं पाणी तिच्या बादल्यांत जमा व्हायचं. कोणी एसी बंद केला, की ती दार वाजवून विचारायची, "काय झालं? बिघडला काय? माझी घेवडी तहानली ना!"

डोक्याला स्कार्फ, स्कार्फवर गवताची मोठी हॅट, ओठांना लाल लिपस्टिक आणि हातात नवऱ्याच्या कारखान्यातले जाड हातमोजे. हा तिचा बागेत जायचा वेश. "सिस्टर म्हणायच्या, मातीत जाताना नीट नटून जावं, ती पण कोणीतरी हाय," असं त्यावर तिचं स्पष्टीकरण होतं.

सिस्टर म्हणजे जिबूतीच्या शाळेतल्या नन. सकीनाचं माहेर श्रीवर्धनचं, पण वडील तांबड्या समुद्रापलीकडे, जिबूतीच्या बंदरात एका गोदामाचे स्टोअरकीपर होते. तिथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये. पंधराव्या वर्षापर्यंत ती तिथल्या शाळेत शिकली. त्या शाळेच्या मागे भाजीचा वाफा होता आणि फळ्यापेक्षा त्या वाफ्यावरच आपण जास्त शिकलो असं ती सांगायची. मग वडील वारले, बिऱ्हाड श्रीवर्धनला परत आलं, लग्न झालं आणि ती इस्माइलभाईंबरोबर यान्बूला आली. इस्माइलभाई क्रेनची दुरुस्ती करायचे आणि फार कमी बोलायचे. एकदा म्हणाले, "आमची बेगम झाडांशी फ्रेंच बोलते नि माझ्याशी कोकणी. मी पण फ्रेंच शिकून घेणार आहे. झाडांशी लई गोड बोलते हो."

एका खासगी शाळेत तिनं फ्रेंच शिकवायला अर्ज केला होता. त्यांनी शिक्का मारलेला दाखला मागितला. दाखला नव्हता. खलास. तेव्हापासून कंपाउंडमध्ये तिच्या फ्रेंचची थट्टा व्हायची. समोरच्या इमारतीतल्या मिसेस सक्सेना तर जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "सकीना, फ्रेंच सिखाती हो या मूली बेचती हो?" सकीना हसून म्हणायची, "दोनों, भाभी. आपको कौनसी दूँ? मूली जल्दी हजम होती है." पण वर आल्यावर त्या दिवशी मुळ्यांना पाणी जरा जोरात पडायचं.

आता आपली अडचण सांगते. तुमच्या बाबाला कॅनडात नोकरी मिळाली होती. घर मिळालं त्या भागातली शाळा फ्रेंचमधून शिकवणारी. ओजसला चिंता नव्हती, पहिलीत ते फ्रेंच न येणारी मुलं घेत होते. रेवा जाणार होती तिसरीत. तिसरीसाठी त्यांनी कळवलं, की मार्चमध्ये आमच्या बाई व्हिडिओवर मुलीशी फ्रेंचमध्ये बोलतील. बोलता आलं तर भावाबरोबर याच शाळेत. नाहीतर बसनं तास-दीड तास दूरच्या दुसऱ्या शाळेत, एकटीनं.

आणि रेवा, तू तर त्या काळात घराबाहेर तोंडच उघडत नव्हतीस. शाळेत बाईंनी प्रश्न विचारला तर बाकाकडे बघायचीस. मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचीस, तेही एका शब्दात. एकदा वर्गात उच्चार चुकला आणि सगळी हसली, तेव्हापासून हे झालं होतं. "परक्या भाषेत, परक्या बाईशी, पडद्यावर?" तुझी आई म्हणाली आणि भाजी चिरता चिरता थांबली. "ही मेली तरी बोलणार नाही."

मी माझ्या स्वभावाप्रमाणे कामाला लागले. इंटरनेटवरून फ्रेंचचे स्वाध्याय छापले, फ्रिजवर वेळापत्रक लावलं, रंगीत पेन्सिली तासून ठेवल्या. ऑक्टोबरात उन्हाळा उतरल्यावर तुम्हा दोघांना घेऊन गच्चीवर गेले आणि ते कागद सकीनाच्या हातात दिले. तिनं ते आदरानं चाळले. मग एकेक कागद घेऊन त्याचा खाऱ्या दाण्यांच्या पुडीसारखा कोन वळला, त्यात माती भरली आणि रेवापुढे धरला.

"यात बी टाक गो बाय. कागद चांगला जाड आणलाय तुझ्या आजीनं."

"आणि फ्रेंच?" मी विचारलं.

"ती पण यातनंच यायची, ताय. झाड चुका काढत नाय. आधी त्याच्याशी बोलू दे तिला."

पुढचे पाच महिने माझ्याकडे लेबलांचं खातं होतं. अक्षर चांगलं म्हणून मी पाट्या लिहायच्या, एवढाच माझा गच्चीवरचा अधिकार.

पहिल्या दिवशी तिनं काहीच शिकवलं नाही, उलट तुम्हालाच विचारलं, "अननसाला फ्रेंचमध्ये काय म्हणत असतील?" रेवा डब्याकडे बघायला लागली. ओजस म्हणाला, "अननस!" सकीनानं हॅट हवेत उडवली. "बरोबर! अनानास! आलं की रे तुला फ्रेंच! कोण म्हणतो येत नाय?" ओजस, तू ते इतकं मनावर घेतलंस, की आठवडाभर येईल जाईल त्याला मला फ्रेंच येतं म्हणून सांगत होतास.

मग आली शब्दांची लिंगं. फ्रेंचमध्ये प्रत्येक वस्तू तो किंवा ती असते, मधलं काही नाही. सकीनानं काही डबे निळे रंगवले, काही लाल. 'ल' लागणारी झाडं निळ्यात, 'ला' लागणारी लाल डब्यात. मुळा म्हणजे ल रादी, निळ्यात. पुदिना म्हणजे ला मांत, लाल डब्यात. टोमॅटोपाशी रेवा अडली. मराठीत तो टोमॅटो आणि इथे ला तोमात, लाल डब्यात?

"माहेरी मुलगा होता," सकीना म्हणाली, "सासरी गेला नि मुलगी झाला. चालतं. आपण काय विचारायला जात नाय."

रेवा हसली. बाहेरच्या माणसासमोर हसली, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पण दुसऱ्याच दिवशी तिनं पेच टाकला. मातीत काडीनं रेघा ओढत हळूच म्हणाली, "आजी, झाड ते. पान ते. फूल ते. फळ ते. बी पण ते. मग 'ते'चा डबा कुठे?" मी एवढी शिकलेली, पण आपली मराठी बाग जवळजवळ सगळी नपुंसकलिंगी आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.  तेवढ्यात ओजसनं भोकाड पसरलं. आईनं सकाळीच त्याला "किती गोड मूल आहे ते" म्हटलं होतं, म्हणजे तोही 'ते', आणि त्याला बसायला डबाच नाही.

सकीना खाली गेली, एक पांढरा डबा घेऊन आली, त्यात ओजसला उभा केला आणि म्हणाली, "हा मराठी डबा. यात फ्रेंच उगवत नाय, पण आपली पोरं उगवतात." मग रेवाकडे वळली. "आणि तू ग! पाच वर्षं शाळेत शिकले मी, सिस्टरना हा प्रश्न कधी विचारला नाय. शाब्बास." तो प्रश्न ती नंतर महिनाभर सगळ्या कंपाउंडला सांगत होती, जणू रेवानं विहीर खणून पाणी काढलं होतं.

फ्रेंचमध्ये शब्दांची शेवटची अक्षरं लिहितात आणि बोलताना गिळतात. त्यावर तिचा नियम होता, "केळ्याला साल असते. बाजारातनं सालीसकट आणायचं, खाताना काढायची." रेवा फ्रेंच शब्द वाचताना चुकली, की सकीना फक्त साल सोलल्याची खूण करायची. हसणं नाही, रागावणं नाही. रेवा बोलू लागली ती अशी, आधी मुळ्यांशी, मग सकीनाशी, मग एक दिवस जिन्यात दूधवाल्याशी. तो बिचारा केरळचा होता. त्यानं घाबरून दोन पिशव्या जास्त दिल्या.

फेब्रुवारीत गुबार आला. गुबार म्हणजे धुळीचं वादळ. दुपारी आकाश विटकरी झालं, दाराच्या फटींना ओले टॉवेल लावून आम्ही बसलो. वारा पडल्यावर वर गेलो तर टोमॅटो काठ्यांसकट आडवे, घेवड्याचा मांडव टाकीखाली, डबे गडगडत जिन्यापर्यंत आलेले. माझ्या पाट्या तर समुद्रात गेल्या असाव्यात. रेवाच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाटलं, संपलं. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

सकीना कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं एकेका झाडाकडे पाहिलं. चेहऱ्यावर धूळ, धुळीत लिपस्टिक. मग टाळी वाजवली.

"ताय, मी काळजीत होते, भूतकाळ कसा शिकवू? सगळं आपलं उभं, वाढतंय, फुलतंय. वर्तमानकाळच वर्तमानकाळ! बघा, अल्लानं सोय केली. बोल गो बाय, ला तोमात ए तोंबे. टोमॅटो पडला."

"ला तोमात ए तोंबे," रेवा नाक ओढत म्हणाली.

"ल पो ए तोंबे. डबा पडला. पुढे?"

संध्याकाळपर्यंत तुम्ही दोघं सगळी गच्ची भूतकाळात सांगत होतात. काय पडलं, काय मोडलं, काय उडालं, कोण रडलं. इस्माइलभाई कामावरून आले ते बुटांसकट वर चढले आणि न बोलता काठ्या बांधायला लागले. शेवटचं वाक्य रेवाचं होतं. तिनं ते स्वतः जुळवलं होतं आणि सकीनानं मला त्याचा अर्थ सांगितला, "मुळा पडला नाही, कारण तो जमिनीत होता."

परीक्षेच्या दिवशी यान्बूत संध्याकाळ होती आणि कॅनडात सकाळ. आपल्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. शाळेनं कळवलं होतं, की मुलीजवळ कोणी बसू नये. तुझे आईबाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे. मी सोफ्यावर. सकीनानं सांगितलं होतं, "मी येणार नाय, मना बघवणार नाय." तरी वेळेच्या आधी पाच मिनिटं ती हजर. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून सोफ्यामागे खाली फरशीवर बसली आणि स्कार्फचं टोक तोंडात कोंबून घेतलं.

पडद्यावर चष्मा लावलेल्या एक बाई आल्या. मागे खिडकी, खिडकीत बर्फ, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक कुंडी. बाईंनी नाव विचारलं. रेवानं सांगितलं. वय विचारलं, सांगितलं. मग त्यांनी जरा लांब प्रश्न विचारला आणि रेवा थांबली. बाकाकडे बघायची तशी टेबलाकडे बघायला लागली. बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला. गप्प. तुझ्या आईनं डोळे मिटले. सोफ्यामागे सकीनाचा श्वास मला ऐकू येत होता.

बाई गोड होत्या, त्यांनी वाट पाहिली. त्या वेळात रेवानं मान वर केली, तिची नजर बाईंवरून मागच्या खिडकीवर गेली आणि तिथेच थांबली. कुंडीतल्या रोपाची पानं पिवळी पडली होती. रेवा पुढे वाकली आणि स्वच्छ आवाजात बोलली. त्या वेळी मला शब्द कळले नाहीत, पण सोफ्यामागे सकीनानं कपाळावर हात मारल्याचा चट्ट असा आवाज आला.

रेवा म्हणाली होती, "तू त्याला फार पाणी घालतेस."

फ्रेंचमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही आहे. आपला तू तो त्यांचा त्यू. परक्या मोठ्या माणसाला, त्यातून शिक्षिकेला, चुकूनही त्यू म्हणायचं नाही. सकीनानं ते तुला कितीदा तरी घोकवलं होतं, आणि तू नेमकं तेच केलंस.

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मागे वळून कुंडी पाहिली, मग हसून विचारलं, "तू मला त्यू का म्हणालीस?"

आता रडणार, असं मला वाटलं. पण रेवानं बोटं मोजत उत्तर दिलं. आईला आम्ही तू म्हणतो. आजीला तू म्हणतो. देवालाही तू म्हणतो. ज्यांची भीती वाटते त्यांना तुम्ही. मग पुढे म्हणाली, "तुझं झाड आजारी आहे, म्हणून मी भीती विसरले."

 बाईंनी उठून कुंडी आणली, कॅमेऱ्यासमोर धरली आणि विचारलं, "मग आता मी काय करू?" पुढचा पाव तास परीक्षा बाईंचीच झाली. माती बोटानं बघ, भिजली असेल तर थांब, तळाला भोक आहे का, खिडकीपासून जरा लांब ठेव. मधे एकदा टोमॅटो पडल्याचीही गोष्ट झाली. शेवटी बाई म्हणाल्या, "शाळेत आलीस की हे झाड तुझ्याकडे देते." दुसऱ्या दिवशी कागद आला, पण निकाल तो तिथेच लागला होता.

लॅपटॉप मिटला तशी सकीना सोफ्यामागून उठली. तोंडातला स्कार्फ काढला, रेवासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाईला त्यू? शिक्षिकेला? सिस्टर असत्या तर कोपऱ्यात उभं केलं असतं तुला!" आणि मग तिनं रेवाला उचललं, आठ वर्षांच्या मुलीला, कडेवर, आणि जिना उतरून थेट खाली कंपाउंडच्या मधोमध नेलं. अबाया, म्हणजे बाहेर जाताना घालायचा काळा झगा, तो घालायचीही तिला शुद्ध नव्हती. मीच मागे तिचा अबाया घेऊन धावले. "पास हो गई!" ती ओरडत होती. "मेरी फ्रेंच पास हो गई! कनाडा में!" गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वॉचमननं कोण पास झालं ते न विचारताच मबरूक मबरूक म्हणून अभिनंदन केलं. इस्माइलभाई पिकअपला टेकून उभे होते आणि डोळे पुसत होते. धूळ गेली म्हणाले. वारा अगदी पडलेला होता.

त्या आठवड्यात गच्चीवर पाच मुलं वाढली. पुढच्या आठवड्यात नऊ. एक फिलिपिनो नर्सचा मुलगा, दोघी हैदराबादच्या, एक सुदानी मुलगी. कोणी कॅनडाला चाललं होतं, बाकीच्यांना नुसतंच यायचं होतं. दाखला कोणी मागितला नाही. मुलांची बोटं मातीत होती आणि तोंडं चालू होती, तेवढं आईबापांना पुरलं.

तुम्ही निघालात त्या दिवशी सकाळी विमानतळाची गाडी खाली उभी होती. सामान चढलं. सकीना कुठे दिसेना. रेवा रडवेली झाली. तेवढ्यात ती दिसली, समोरच्या इमारतीच्या दाराशी. मातीचं मोठं पोतं एका टोकाला तिनं धरलं होतं, दुसऱ्या टोकाला मिसेस सक्सेना, घामाघूम. त्यांचे दोन्ही मुलगे मागे रिकामे डबे घेऊन उभे. नव्या वर्गासाठी त्या गच्चीवरही माती चढत होती.

रेवानं हाक मारली. सकीनानं पोत्याचं आपलं टोक तसंच सोडलं, मिसेस सक्सेना वाकल्या त्या वाकल्याच. ती धावत गाडीपाशी आली. हात कोपरापर्यंत मातीचे, म्हणून तिनं ते पाठीमागे धरले आणि नुसता चेहरा पुढे केला. फ्रेंच पद्धतीनं या गालाला गाल, त्या गालाला गाल. ओजसनं मात्र तिच्या मानेला मिठी मारली आणि लिपस्टिकचा ठसा घेऊन आला.

"जा आता," ती म्हणाली. "रडायचं नाय. मना काम हाय."

गाडी वळली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. पाठ करून ती पोत्याकडे निघाली होती, गवताची हॅट मागे सरकलेली. सगळ्या कंपाउंडला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणत होती, "भाभी, खडी क्या हो? उठाओ, यल्ला! बच्चे देर से सीखेंगे तो मुझे मत बोलना."

आणि मिसेस सक्सेनांनी पदर खोचला आणि उचललं.